‘सांगा’ म्हटल्याशिवाय

वीस वर्षांच्या शेजारात काटेवालीने माझ्या दुकानाची कडी आतून कधी लावली नव्हती. त्या दुपारी सव्वातीनला लावली. मी एका जाडजूड शब्दकोशाचा कणा खरवडत बसलो होतो, मनगटापर्यंत खळ. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला.

"वाचा. हात लावू नका, चिकटेल."

चारच ओळी होत्या. ‘ड्रायव्हरबाईंचं घर शोधताहेत. जुने फोटो जोडून जवळजवळ पोचलेत. आज सहाला वर्ग सुटला की बाराजण मिळून उरलेले फोटो तपासणार आणि पत्ता सगळ्यांसमोर टाकणार. उत्तर पाठवू नका, शेजारीच बसलेत.’ खाली नाव, नटबोल्ट.

"आता तरी तार तोडूया का?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा. चार दिवस मी हेच म्हणत होतो आणि चार दिवस ती नाही म्हणत होती, कारण न देता.

ती गप्प राहिली. यात नवीन काही नव्हतं. काटेवाली वजनकाटे दुरुस्त करते. किराणावाल्यांचे, औषधवाल्यांचे, दवाखान्यात तान्ही बाळं मोजतात ते. काट्यावर वजन ठेवायचं, हात काढायचा आणि मनात सात मोजायचे, ही तिची पद्धत. सातच्या आत काटा थांबला नाही तर काटा खोलायचा. माणसांशीही ती असंच वागते. तुम्ही काही विचारलं की आधी सात, मग उत्तर. पहिलं वर्षभर मला वाटायचं, बाईला कमी ऐकू येतं. आणि हो, तराजू, न्याय, समतोल अशी जोडाजोड तिच्यासमोर कुणी करू नये. एकाने केली होती. "मी स्प्रिंगा बदलते," ती त्याला म्हणाली, "न्यायाचं दुकान पुढच्या चौकात असेल तर बघा."

त्या दिवशी सात होऊन गेले, सतरा झाले, तरी उत्तर येईना. ती माझ्या कामाच्या टेबलाखाली बघत होती. तिथे, कागदाच्या गठ्ठ्यांच्या मागे, एक जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस घुरघुरत असतो. तेच आमचं बाकडं.

बाकडं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सहा वर्षांपूर्वी काटेवालीने एका मोठ्या, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ठिकाणी स्वतः दुरुस्त केलेल्या एका काट्याचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत चारशे जणांनी येऊन तिला शिकवलं. त्यातल्या निम्म्यांनी काटा फक्त भाजी घेताना पाहिला असेल. एकाने लिहिलं, बाईने हात लावला म्हणजे वजनात खोट आलीच. तिने ते खातं बंद केलं आणि दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही, जणू ते मीच लिहिलं होतं. मग बाळांच्या काट्यासाठी येणाऱ्या नर्सबाईने तिला एक नवा प्रकार सांगितला. त्याला मालक कंपनी नसते. कुणीही आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर एक छोटं ठिकाण उघडायचं, आपले नियम आपण करायचे, आणि अशा इतर ठिकाणांशी तार जोडायची. तार म्हणजे आम्ही आपलं म्हणतो, खरी तार नाही. तार असली की इकडच्यांना तिकडचं दिसतं, एकमेकांना फॉलो करता येतं. तार तोडली की संपलं. तेवढे सगळे जोड कायमचे पुसले जातात, आणि उद्या तार पुन्हा बांधली तरी जुने जोड परत येत नाहीत. प्रत्येकाला प्रत्येकाकडे नव्याने विचारत जावं लागतं.

बाकड्यावर आम्ही दोनशे चौदा जण. सगळे हाताने काही ना काही करणारे. खरी नावं कुणी विचारत नाही. कुणाला किती जणांनी पसंत केलं याचे आकडे आम्ही काढूनच टाकले आहेत. आणि एक नियम काटेवालीने पहिल्याच दिवशी घातला. बाकड्यावर कुणी लिहिलेल्या चिठ्ठीच्या शेवटी ‘सांगा’ असेल तरच सल्ला द्यायचा. नसेल तर वाचायचं, फार तर मान हलवायची, आपलं शहाणपण आपल्याकडे ठेवायचं. सुरुवातीला लोकांना हे जड गेलं. मला तर फारच. पण महिन्याभरात असं व्हायला लागलं की कुणी ‘सांगा’ लिहिलं तर लोक हातातलं काम ठेवून बसायचे. त्या एका शब्दाला आमच्याकडे वजन आलं. (हे वाक्य ती वाचणार नाही अशी आशा आहे.)

देखभालीला आम्ही तिघं. ती, मी आणि नर्सबाई. तार तोडायची तर तिघांचं एकमत हवं, आणि ज्याचं पलीकडे कुणी नात्याचं असेल त्याने तसं सांगून बाजूला व्हायचं. हाही नियम तिचाच. शाईने लिहून माझ्या भिंतीवर लावलाय.

आता गॅरेज. गॅरेज हे आमच्यासारखंच, पण गाड्यांच्या वेड्यांचं ठिकाण. हजारभर माणसं, बहुतेक साधी, तेलकट हातांची. आमच्या ड्रायव्हरबाईने, म्हणजे गाडी शिकवणाऱ्या आमच्या एका सदस्येने, गेल्या आठवड्यात लिहिलं की एक कर्कश सायलेन्सरची गाडी तिच्या शिकाऊ मुलीच्या मागे चिकटून हॉर्न वाजवत राहिली, पोरगी रडायला लागली. खाली एवढंच, ‘ज्याला गाडी हळू चालवता येत नाही त्याला गाडी येत नाही.’ गाडीवाला गॅरेजातला निघाला. पहिल्या दिवशी टिंगल, दुसऱ्या दिवशी घाण, तिसऱ्या दिवशी ‘हिला घरी जाऊन शिकवू’. त्यातल्या गलिच्छ चिठ्ठ्या मी एकेक करून उडवत होतो. गॅरेजाच्या देखभालवाल्याला तीनदा लिहिलं, त्याने उलट कळवलं की पोरं मजा करताहेत.

आणि काटेवाली चार दिवस तार धरून बसली होती.

"बोला की," मी म्हणालो.

"गॅरेजात माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

मी हातातली सुरी खाली ठेवली. भाऊ मला ऐकून माहीत होता. तिच्या वडिलांचं काट्यांचंच दुकान होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. एका दुकानात बाप आणि लेक असे दोन हट्टी मावत नव्हते म्हणून ही माझ्या शेजारी आली आणि तिथे धाकटा भाऊ बसला. वडील गेल्यावर त्याने काटे बंद करून पंपदुरुस्ती सुरू केली. वडिलांची पितळी वजनं, मखमलीच्या पेटीतली, तिला न विचारता भंगारात दिली. ती त्याच्या दारात गेली आणि त्याच्या बायकोसमोर, आठ वर्षांच्या पोरीसमोर म्हणाली, "तू बाबांना भंगारात घातलंस. उद्या मलाही घालशील." त्याने दार लावून घेतलं. त्याला नऊ वर्षं झाली. तो हट्टी, ही त्याहून.

"नटबोल्ट," ती म्हणाली. "तो बारक्या आहे. दोन वर्षं तो माझं सगळं वाचतो. मला ओळखू येऊ नये म्हणून नाव बदललंय."

"मग तुम्हाला ओळखू कसं आलं?"

"एकदा गॅरेजातल्या कुणाच्या फुशारकीवर त्याने लिहिलं, हा काटा रिकामा बोलतोय. हे बाबांचं बोलणं आहे. पारड्यात काही नसताना काटा हलला की ते म्हणायचे, रिकामा बोलतोय. आमच्या घराबाहेर कुणी असं म्हणत नाही. आणि मग त्याने एका कार्ब्युरेटरचा फोटो टाकला. बाजूला बाबांचा स्क्रूड्रायव्हर होता. मुठीला लाल दोरा गुंडाळलेला."

मला एकदम आठवलं. त्या फोटोखाली हिने लिहिलं होतं, ‘दोरा सुटलाय, नवा गुंडाळ, तळहात सोलेल.’ समोरच्याने ‘सांगा’ म्हटलेलं नसताना. वर अनोळखी माणसाला ‘गुंडाळ’. मी तेव्हा तिची चिकार थट्टा केली होती, की नियम करणारीनेच नियम मोडला. ती हसली नव्हती.

"तार तोडली तर तो जाईल," ती म्हणाली. "परत यायचं तर त्याला विचारावं लागेल. तो विचारणार नाही. मी ओळखते त्याला."

खरं सांगतो, मला तिची दया आली नाही, राग आला. एक बाई घरी जाते कधी, गाडी लावते कुठे, हे शोधत बाराजण बसलेत, आणि ही चार दिवस भावासाठी गप्प. मी तसं बोललोही. तिने ऐकून घेतलं.

"तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "मी बाजूला झाले. तुम्ही आणि नर्सबाई ठरवा."

"ठरवायचं काय त्यात. मी आत्ता तोडतो."

"दोघांनी ठरवायचंय."

"ती रात्रपाळी करून झोपली असेल. फोन बंद असतो तिचा. नियम गेला खड्ड्यात."

"नियम सोयीने खड्ड्यात घालायचा असेल तर आपण वेगळं बाकडं कशाला मांडलं," ती म्हणाली. "त्या मोठ्या ठिकाणीच बसलो असतो."

ड्रायव्हरबाईला मी लिहून ठेवलं, पण ती शिकवताना फोन गाडीच्या कप्प्यात टाकते, संध्याकाळी सातशिवाय काढत नाही, हे सगळ्या बाकड्याला ठाऊक होतं. तिचं खातंच तेवढ्यापुरतं बंद करता आलं असतं. म्हणजे शिव्या खाल्ल्या तिने आणि बाहेरही तीच. तसलं काही करायची माझी इच्छा नव्हती. तार तुटली की आमच्याकडचे, म्हणजे तिने आजवर टाकलेलेही, फोटो गॅरेजात दिसत नाहीत, रिकामे चौकोन उरतात. तोच एक रस्ता होता.

काटेवालीचा फोन खिशात घालून मी स्कूटर काढली. नर्सबाई गावाबाहेरच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहते, आणि मधल्या रस्त्यावर खोदकाम चालू होतं. मी तिथे वीस मिनिटं एका पाण्याच्या टँकरमागे अडकलो आणि आयुष्यात दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या मनात दिल्या. वर जाऊन दार बडवलं. तिसऱ्या खेपेला नर्सबाई उघडायला आली, डोळे अर्धे मिटलेले, केस उभे. तिने उभ्याउभ्या फोन वाचला.

"तोडा की," ती म्हणाली. "हे विचारायला चार जिने चढून आलात, दादा? ताईंनी पाठवलं असेल."

"ताईचा भाऊ आहे तिकडे."

नर्सबाईची झोप उडाली. "मग ताईंना एकटं सोडू नका आज," ती म्हणाली.

मी परत आलो तेव्हा पाच वाजायला आले होते. काटेवाली माझ्या स्टुलावर तशीच बसलेली. मी कॉम्प्युटरसमोर गुडघे टेकले. स्क्रीनवर प्रश्न आला, ‘एकसष्ट जोड कायमचे तुटतील. पुढे जायचं?’ मी मागे वळून बघितलं नाही. बटण दाबलं. तार माझ्या हाताने तुटली, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे ती वेगळंच बोलली.

तिच्या फोनवर नटबोल्ट या नावाच्या जागी कोरी पट्टी आली. ती तिच्यावर बोट फिरवत राहिली. मग एकाएकी उठून उभी राहिली.

"बाराजणच होते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बेत बाराजणांना माहीत होता. सहाच्या आधी तार तुटली. म्हणजे बारातलाच कुणीतरी फुटला. आणि तो म्हणाला, शेजारीच बसलेत. दादा, ते त्याला तोंडाने ओळखतात."

वीस वर्षांत तिने मला दादा म्हटलं ते त्या दिवशी. एरवी मी बाइंडर.

निरोप पाठवायची वाट आम्हीच तोडली होती. उरला फोन. भावाचा नंबर तिच्याकडे नव्हता, वडिलांच्या दुकानाचा होता, तो पाठ होता. त्याने तो नऊ वर्षांत बदलला असेल तर संपलं. तिने आकडे दाबले, मी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. सहा वेळा वाजला.

"हॅलो, पंप दुरुस्ती."

"बारक्या," ती म्हणाली.

मी नकळत मोजायला लागलो.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कुणी गेलं नाही. तू बरा आहेस ना? शेजारी कोण बसलंय तुझ्या?"

"शेजारी? मी एकटाच आहे. ताई, काय झालंय?"

"दुकान बंद कर आणि घरी जा. त्यांना कळणार तू सांगितलंस ते. तार तुटली म्हणजे कळणारच."

"मी काय सांगितलं?"

"आता कशाला लपवतोस. नटबोल्ट तूच आहेस, मला दोन वर्षं माहीत आहे."

"ताई," तो सावकाश म्हणाला, "माझ्याकडे बटणांचा फोन आहे. तू काय बोलतेस मला कळत नाही."

काटेवाली माझ्याकडे बघत राहिली. मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहायचा नाही. दोन वर्षं ती ज्याला भाऊ समजून लिहीत होती, तो कुणी भलताच.

"रिकामा बोलतोय," ती म्हणाली. "हे अजून कोण म्हणतं तुझ्याकडे?"

"मी म्हणतो. घरात सगळेच म्हणतो."

"आणि बाबांचा स्क्रूड्रायव्हर कुणाकडे आहे?"

या वेळी त्याचा आवाज बदलला. "पोरीकडे. शर्टाच्या खिशातून काढत नाही ती."

"ती कुठाय आत्ता?"

"इंजिनदुरुस्तीच्या वर्गाला. तुझ्याच बाजूला, त्या जुन्या गोदामात भरतो. सहाला सुटतो. ताई, पोरीने काय केलंय?"

"चांगलं केलंय," ती म्हणाली. "फार चांगलं केलंय. तू निघ."

"मला यायला तास लागेल. मधला रस्ता खोदलाय."

"म्हणून सांगते, तू निघ. तोवर मी जाते."

"तू तिला ओळखणार कशी? आठ वर्षांची होती."

"खिसा बघेन," काटेवाली म्हणाली आणि फोन ठेवला.

गोदामाशी आम्ही पावणेसहाला पोचलो. स्कूटर मी मुद्दाम कोपऱ्यापलीकडे, एका कठड्याशी लावली. फाटकासमोर पाच मिनिटांत मी तीनदा चष्मा पुसला. ती पुसत नव्हती, हलत नव्हती. मला तिला एकच सांगायचं होतं, की पोरीला नावाने हाक मारू नका, आत्या म्हणून पुढे होऊ नका. पोरगी बाकडेवालीची भाची आहे हे एकदा कळलं की त्या पोरांना दुसरा पुरावा लागणार नव्हता. पण तिला ते माझ्याआधी कळलेलं होतं. "आपण तिला ओळखत नाही," ती हलकेच म्हणाली.

सहाला फाटक उघडलं. पोरंपोरी घोळक्याने बाहेर आली. पाचजण बाहेर आल्याआल्या थांबले, डोकी एका फोनवर.

"सगळे चौकोन रिकामे आहेत," एकजण म्हणाला.

"तार तोडली त्यांनी. पाचला."

"बरोब्बर आजच? कुणीतरी फोडलंय."

सगळ्यांत शेवटी एक मुलगी आली. उंच, बाह्या कोपरापर्यंत वळलेल्या, छातीच्या खिशात लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर. काटेवालीच्या तोंडून श्वास सुटल्याचं मी ऐकलं. मुलगी पाचजणांना वळसा घालून जायला लागली तशी त्यांच्यातल्या जाड मानेच्या पोराने तिला अडवलं.

"ए, दुपारी बाकाखाली काय टाइप करत होतीस?"

"बाबांना," ती म्हणाली.

"तुझ्या बाबाकडे डबडं आहे. दाखव फोन."

त्याने हात पुढे केला. मुलगी मागे सरली, तिची पाठ फाटकाला लागली. मी अजून काय करावं या विचारात होतो आणि काटेवाली त्या पाचजणांच्या मध्ये जाऊन उभीही राहिली होती. डोक्याने त्यांच्या खांद्याला लागत होती.

"बाकडं म्हणतात ते माझं," ती म्हणाली. "तार मी तोडली. काय विचारायचं ते मला विचारा."

पोरं गडबडली. पडद्यामागचं माणूस असं रस्त्यावर चालत येतं हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. आमच्याही नव्हतं. सहा वर्षांत आमच्यापैकी कुणी चेहरा दाखवला नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" जाड मान म्हणाली.

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? चार दिवस तुम्हीच लिहिताय, घरी जाऊन शिकवू. मला वाचता येतं. फोटो कोण उघडतंय तेही मला दिसतं. जुने फोटो एकेक करून कोण बघतंय, किती वेळा, सगळं दिसतं."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. फोटो कोण बघतं हे आम्हाला दिसत नाही, दिसावं अशी सोयच आम्ही ठेवलेली नाही. एका ग्रॅमच्या फरकासाठी गिऱ्हाइकाचा काटा तीन दिवस अडकवून ठेवणारी ही बाई, आणि डोळ्याची पापणी न हलवता खोटं बोलत होती. तार मी तोडली हेही खोटंच.

एकाने फोन वर करून तिचा फोटो काढायला घेतला.

"काढ," ती म्हणाली. "पत्ता हवाय ना तुम्हाला? मग माझा घ्या. काटे दुरुस्ती, बाइंडरच्या शेजारी, टाकीसमोर. दहा ते सात उघडं असतं. घरी शिकवायला येणार होतात ना, ज्याला यायचंय त्याने यावं. मी असते."

बाइंडर म्हणजे मी. पण पाय आपसूक पुढे गेले आणि मी तिच्या बाजूला उभा राहिलो. आयुष्यात मी कुणाला मारलेलं नाही आणि मारलं असतं तर मीच पडलो असतो, पण माझे हात अजून खळीने पांढरे होते आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो. कशाने कोण जाणे, फोन खाली आला. एकजण म्हणाला, "जाऊ दे रे, म्हातारी आहे." दुसरा म्हणाला, "चल." जाड मान जाता जाता दोनदा वळून बघत होती.

या गडबडीत मुलगी आमच्या शेजारून निघून गेली. नऊ वर्षांनी आत्या हातभर अंतरावर उभी, आणि तिने मान वळवली नाही, आत्यानेही नाही. काटेवाली समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. मोजत होती. सातावर थांबली नाही. मला वाटतं, शंभरपर्यंत गेली.

कोपऱ्यापलीकडे, माझ्या स्कूटरजवळच्या कठड्यावर मुलगी बसली होती. स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांत गच्च. काटेवाली दोन पावलांवर थांबली. जवळ घेतलं नाही, काही विचारलंही नाही. मी मात्र विचारणार होतो, तिने मला हाताने मागे सारलं.

"पाचजण माझ्या वर्गातले आहेत," मुलगी शेवटी म्हणाली. खाली बघूनच. "त्यांनी विश्वास ठेवलाय की नाही ते मला कळत नाही. उद्या मला त्यांच्याच बाकावर बसायचंय. वर्ग सोडला तर त्यांना कळेल, नाही सोडला तर..." तिला पुढे बोलवेना. मग म्हणाली, "सांगा."

आत्याला कुणी असं अहोजाहो करत नाही. तो शब्द बाकड्यावरचा होता. दोन वर्षं बाहेरून वाचून तिने तो उचलला होता आणि पहिल्यांदाच वापरला.

काटेवाली तिच्या शेजारी बसली. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच नाही माहीत. पण उद्या सकाळी आधी माझ्या दुकानात ये, मग आपण दोघी मिळून वर्गाच्या मास्तरांकडे जाऊ. तुझं नाव न घेता बोलेन. नाही जमलं तर इंजिनं शिकवणारे दुसरीकडेही असतील." मग म्हणाली, "मला वाटत होतं तू म्हणजे बारक्या."

"माहीत होतं."

"कसं?"

"तू मला गुंडाळ म्हणालीस. दोरा नवा गुंडाळ. बाबांशी बोलतेस असं वाटलं. मग मी तसंच राहू दिलं." मुलीने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "ते मी बाबांना सांगितलं. वर्गातल्या बाई म्हणाल्या, असं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी बसून नवा दोरा गुंडाळून दिला."

काटेवालीने स्क्रूड्रायव्हर घेतला. मुठीवरून अंगठा फिरवत खाली आली आणि शेवटच्या गाठीशी थांबली. ती रडायला लागली. मी दुसरीकडे बघितलं, पण ऐकू येत होतं.

साडेसहाला एक डबघाईला आलेली व्हॅन कठड्याशी लागली. मागे पंपांचे पाइप खडखडत होते. खाली उतरलेला माणूस आधी पोरीकडे गेला, तिचं डोकं धरून इकडून तिकडून बघितलं, लहान मूल पडल्यावर बघतात तसं. मग काटेवालीकडे वळला आणि मघाशी ती पोरीपासून थांबली होती तेवढ्याच अंतरावर थांबला. तोच चेहरा, फक्त चष्मा नाही.

दोघंही उभी. काटेवालीने तोंड उघडलं आणि मिटलं. मला कळत होतं तिला काय म्हणायचंय. दारातलं ते वाक्य नऊ वर्षं तिच्या घशात होतं, वर्षाकाठी एकदा तरी ती मला ते सांगायची आणि म्हणायची, चुकलं माझं. पण समोरच्याने म्हटल्याशिवाय आपण बोलायचं नाही ही सवय आता तिच्या हाडात गेलेली. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. पोरगी माझ्याकडे बघायला लागली. पुढे होऊन बापाला समजवावं असं मला फार वाटलं, पण मला त्याचा हक्क नव्हता.

भावाने रस्त्याकडे बघितलं, व्हॅनकडे बघितलं. बाकडं म्हणजे काय, तार म्हणजे काय, त्याला काही माहीत नव्हतं. त्याच्या खिशात बटणांचा फोन होता.

"तासभर गाडी हाणत आलोय," तो म्हणाला. "नऊ वर्षांनी फोन केलास. आता काय म्हणायचंय ते सांग."